कोकमातल्या रेणूंचं डॉकिंग करताय? या चुका टाळा

डॉकिंग म्हणजे एखादा रेणू प्रोटीनच्या खाचेत कसा आणि किती घट्ट बसेल याचा कॉम्प्युटरवर काढलेला अंदाज. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या फार्मसी, एमएस्सीच्या मुलांनी त्याच्या प्रोजेक्टला कोकम घ्यावंच असं माझं ठाम मत आहे, कारण कोकमाच्या सालीतलं हायड्रॉक्सीसिट्रिक अ‍ॅसिड एटीपी सिट्रेट लायेज हे एन्झाइम अडवतं हे 1969 पासून माहीत आहे आणि चरबी, कोलेस्टेरॉल बनायला लागणारा कच्चा माल तेच एन्झाइम पुरवतं. म्हणजे उत्तर आधीच हातात आहे, तुमची पद्धत बरोबर चालते का ते त्यावर तपासता येतं!

आणि इथेच पहिली गडबड होते. गार्सिनॉल पण कोकमातलंच, त्याचा रेणुभार 602 आणि हायड्रॉक्सीसिट्रिकचा 208, दोन्ही ऑटोडॉक विना या डॉकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की बहुतेक वेळा गार्सिनॉलच वर येतं, कारण मोठ्या रेणूचे अणू जास्त, ते प्रोटीनला जास्त ठिकाणी टेकतात आणि स्कोर जास्त मायनसमध्ये जातो, म्हणजे रेणू जास्त घट्ट चिकटतो असं दिसतं. म्हणून लगेच ‘गार्सिनॉल जास्त पॉवरफुल’ असं लिहू नका, स्कोरला हायड्रोजन सोडून उरलेल्या अणूंच्या संख्येने भागून पण बघा. शिवाय स्कोरमध्ये 1.4 किलोकॅलरीचा फरक म्हणजे चिकटण्यात दहापट फरक, आणि विनाचा अंदाज तेवढा सहज चुकतो, त्यामुळे -8.1 आणि -8.6 मध्ये पहिला-दुसरा नंबर लावण्यात काही अर्थ नाही.

लिगँडची, म्हणजे डॉक करायच्या छोट्या रेणूची, फाइल डाउनलोड केली की तशीच वापरायची, ही सवय तर आधी सोडा. हायड्रॉक्सीसिट्रिकचे चार आयसोमर (अणू तेच, पण त्यांची मांडणी वेगळी) आहेत, कोकमातला 2एस,3एस नावाचा. फाइलमध्ये दुसराच असेल तर पुढचं सगळं मुसळ केरात. त्यात हे अ‍ॅसिड सहज लॅक्टोन होतं, म्हणजे स्वतःशीच जोडून रिंग बनतं, आणि लॅक्टोनची ताकद कमी, म्हणून चित्र उघडून रिंग बनलेली नाही ना ते डोळ्याने बघा. शरीरातल्या 7.4 पीएचला तिन्ही कार्बोक्सिल गटांवर मायनस चार्ज असतो, तोही तपासा, आणि प्रोटीनच्या बाजूने हिस्टिडिन या अमिनो आम्लावर हायड्रोजन कुठे बसवलाय ते पण.

कधीकधी बाटलीतलं औषध आणि एन्झाइमला भिडणारा रेणू एकच नसतो. बेम्पेडोइक अ‍ॅसिड 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही याच एन्झाइमवर काम करतं, पण लिव्हरमध्ये त्याला कोएन्झाइम ए जोडलं गेल्यावरच. तुलनेसाठी नुसतं बेम्पेडोइक डॉक केलंत तर ती तुलनाच चुकीची.

प्रोटीनच्या फाइलमधून पाणी आणि धातू सरसकट पुसू नका. एचआयव्ही प्रोटिएज या एन्झाइममध्ये इन्हिबिटर (एन्झाइम अडवणारा रेणू) आणि झाकणासारख्या फ्लॅपच्या मध्ये एक पाण्याचा रेणू पूल बनून बसतो, कार्बोनिक अनहायड्रेज या एन्झाइममध्ये झिंक असतं, ते काढलं तर औषध कशाला धरून बसणार? प्रोटीनच्या क्रिस्टल रचनेत आधीच बसलेला मूळ लिगँड काढून परत डॉक करा, 2 अँगस्ट्रॉमच्या आत जागेवर आला तरच पुढे जा. कोविडच्या वेळी फार गाजलेल्या 6एलयू7 या कोरोना विषाणूच्या प्रोटिएजच्या रचनेत मात्र ही टेस्ट साध्या डॉकिंगने नीट होत नाही कारण त्यातला एन3 हा इन्हिबिटर सिस्टीन 145 या अमिनो आम्लाला पक्क्या (कोव्हॅलंट) बंधाने जोडलेला आहे, त्यासाठी कोव्हॅलंट डॉकिंगच लागतं.

मग लॅबमध्ये जाल तेव्हा दोन गोष्टी. गार्सिनॉलमध्ये कॅटेकोल नावाचा गट आहे, असे रेणू बऱ्याच टेस्टमध्ये खोटा पॉझिटिव्ह देतात, आणि काही रेणू तर पाण्यात गोळे होऊन एन्झाइमलाच गुंडाळतात, म्हणून 0.01 टक्के ट्रायटन एक्स-100 हे डिटर्जंट घालून टेस्ट परत करा, परिणाम गायब झाला तर तो इन्हिबिटर धरू नका. दुसरं म्हणजे कोकमाचा लाल रंग, आगळ किंवा सालीचा अर्क थेट घेतलात तर रंगावर रीडिंग घेणाऱ्या टेस्टमध्ये तोच मोजला जातो, तेव्हा एन्झाइम न घालता नुसत्या अर्काचा ब्लँक प्रत्येक डोसला वेगळा लावा.