‘उसैद’ या नावाचा अर्थ कसा शोधावा

जळगाव-रावेरकडे क्वचितच कानावर येणाऱ्या ‘उसैद’ या नावाचा अर्थ शोधताना ते आधी उर्दू लिपीत लिहून घ्यावे, कारण अरबीतील सीन, साद आणि से ही तिन्ही अक्षरे देवनागरीत ‘स’च होतात आणि तिथेच घोळ होतो. मग मूळ व्यंजने काढावीत: अलिफ, सीन, दाल; म्हणजे ‘असद’, सिंह. हसनचे हुसैन, तसे असदचे उसैद, छोटा सिंह. मदिनेतील औस टोळीचे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, उसैद बिन हुदैर यांच्यामुळे हे नाव आदराचे ठरले. हीच रीत खानदेशच्या फारुकी घराण्याच्या नावालाही जरूर लावून पाहावी: फ-र-क, खरेखोटे वेगळे करणारा, आपला ‘फरक’ही तिथलाच. जन्मदाखल्यावर नाव घालण्यापूर्वी उच्चार मौलानांकडून तपासून घ्यावा. जेर-जबर, म्हणजे स्वर दाखवणाऱ्या खुणा, नसतील तर तीच अक्षरे ‘असीद’ अशीही वाचली जातात.