खाडीतली निवटी कॅमेऱ्यात कशी टिपावी

ऐरोलीच्या खाडीवर शूटिंग करायचं तर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, बाकीची तयारी नंतर. भरतीनंतर साधारण 6 तासांनी पाणी पार ओसरतं. चिखल उघडा पडला की निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, बाहेर येतात. मी ट्रायपॉडखाली फळी टाकते, नाहीतर त्याचे पाय रुततात आणि फ्रेम हळूहळू कलते. मग 20 मिनिटं अजिबात हलायचं नाही. निवटी मध्येच कुशीवर लोळून अंग ओलं करते, कारण ती ओल्या कातडीतूनही श्वास घेते. हा शॉट मिळाला की निम्मं निवेदन आपोआप सुचतं. आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड करा. पुलावरच्या गाड्या माईकमध्ये घुसतात. आणि तिवरांच्या श्वासमुळांवर पाय देऊ नका, शॉट हुकला तरी चालेल.