घराण्याची आरोग्य-वंशावळ कशी मांडावी

लाळेच्या नमुन्यावरून आयुर्मान सांगणाऱ्या तपासणीवर पैसे खर्च करण्याआधी तीन पिढ्यांची आरोग्य-वंशावळ कागदावर उतरवावी, असे मी आग्रहाने सांगेन. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात आयुर्मानातील फरकांपैकी सुमारे २५ टक्के वाटा अनुवंशिकतेचा निघाला होता. २०१८ साली प्रचंड संख्येतील वंशावळींवरून तो १० टक्क्यांहूनही कमी असल्याचे दिसले, कारण माणसे आपल्यासारख्याच घरात सोयरीक करतात आणि त्यामुळे सारख्या राहणीचा परिणामही अनुवंशिकतेचा वाटतो, हे आधी पुरेसे हिशेबात धरले गेले नव्हते.

जुन्या कुलवृत्तांतांवर विसंबू नये. त्यांत बहुधा पुरुषांचीच परंपरा असते, तर आपली निम्मी जनुके आईकडून येतात. म्हणून आजोळच्या माणसांची आणि सासरी गेलेल्या आत्यांचीही नोंद हवी. प्रत्येकापुढे मृत्यूचे वय, कारण आणि माणूस कोणत्या वयापर्यंत धडधाकट होता, हे लिहावे. वडीलधाऱ्यांना ‘कशाने गेल्या?’ असे विचारले, तर ‘म्हातारपणाने’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘आजी चाळीचा जिना कधीपर्यंत चढायच्या? साखर होती का? बीपीची गोळी चालू होती का?’ असे विचारावे. गिरणगावातले पणजोबा क्षयाने किंवा कापसाच्या धुळीने छाती भरून गेले असतील, तर त्या मृत्यूवरून घराण्याचे आयुष्य कमी ठरवू नये. तो प्रामुख्याने खोलीतल्या दाटीचा आणि गिरणीच्या खात्यातल्या हवेचा परिणाम होता.

आता वंशावळ वाचावी. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांआधी, आईला किंवा बहिणीला ६५ वर्षांआधी हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे आणि कोलेस्टेरॉल तपासावे. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १९० मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) वर असेल, तर आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी लागते. तो एका पालकात असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. लायपोप्रोटीन-ए हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा रक्तातला घटक मुख्यतः जनुकांवर ठरतो, त्यामुळे तो आयुष्यात एकदा मोजला तरी बहुधा पुरते.

एपीओई जनुकाचा ई२ हा प्रकार शंभरी गाठलेल्यांत अधिक आढळतो, ई४ कमी; फॉक्सओ३ जनुकाचा दीर्घायुष्याशी संबंध २००८ साली हवाईतील जपानी वंशाच्या पुरुषांत दिसला. मात्र यांतून केवळ कल समजतो, वय नव्हे, आणि असे बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत.

घरात कमी वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग वारंवार दिसत असेल, तर परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी जनुकीय समुपदेशकाकडे हीच वंशावळ घेऊन जावे. तपासणी शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीपासून सुरू करतात. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा जनुकभेद आल्यास त्यावर शस्त्रक्रियेसारखा निर्णय घेऊ नये. अहवाल जपून ठेवावा आणि काही वर्षांनी त्याचा अर्थ बदलला आहे का, हे समुपदेशकाला पुन्हा विचारावे.