अपाचे विकेट या जावा वेब फ्रेमवर्कच्या टेबलात रक्कम लाख-कोटींच्या हिशेबाने
कोल्हापुरातल्या गूळ अडत्याला रिपोर्टमध्ये १,२३४,५६७ दाखवलं की तो अडखळतो. त्याला १२,३४,५६७ हवं असतं. जावाचा आकडे मांडणारा डेसिमलफॉरमॅट क्लास अंकांचे सगळे गट एकाच मापाचे पाडतो, म्हणून देशोदेशीच्या पद्धतीने आकडे मांडणारी आयसीयूफोरजे लायब्ररी घ्या.

१. विकेटचा रकान्याचा क्लास प्रॉपर्टीकॉलम एक्स्टेंड करून रकमेसाठी एकच क्लास लिहा.
२. त्यात खान्यात काय दिसेल ते ठरवणारी गेटडेटामॉडेल मेथड ओव्हरराइड करा. आयसीयूच्या नंबरफॉरमॅटला इंग्रजी-भारत लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) देऊन तयार मजकुराचं मॉडेल परत करा.
३. गेटसीएसएसक्लास मेथडमधून आकडे उजवीकडे नेणारा सीएसएस क्लास द्या. शीर्षकालाही तोच लागतो, हे फार सोयीचं.

मग विकेटच्या कुठल्याही डेटाटेबलात रकमेचा रकाना एका ओळीत बसतो. सॉर्टिंग मात्र मूळ आकड्यावरच ठेवा; मजकुरावर लावलंत तर चढत्या क्रमात १२,००० हे ९,०००च्या आधी येतं.