आपलं बालपण अवघड गेलं असेल तर मुलांना खंबीर कसं करायचं

मारझोड, भांडणं बघत वाढलेले सगळेच तसे आईबाप होत नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. हवाईच्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं अभ्यास केला, त्यात गरिबी आणि घरातल्या कटकटीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं छान सावरली आणि अशा मुलांना जीव लावणारं निदान एक तरी मोठं माणूस होतं असं दिसलं. ते माणूस तुम्ही व्हा.

म्हणजे काय करायचं? स्वतःचा ट्रिगर, म्हणजे आपला राग एकदम भडकवणारी गोष्ट, ओळखा. दूध सांडलं आणि तुमचा आवाज एकदम चढला, छाती धडधडायला लागली, तर तो राग बहुतेक जुना असतो, तेव्हा दोन मिनिटं बाजूला जा पण "शांत होऊन येते" असं सांगून जा, नाहीतर पोर घाबरतं. ओरडलातच तर नंतर जवळ घेऊन "चूक माझी होती, तुझी नाही" असं स्पष्ट बोला, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जेवणाझोपेच्या वेळा ठरलेल्या ठेवा. आणि आपल्याला कोणी मदत केली नाही म्हणून मुलांचं सगळंच आपण करायचं असंही नको, बुटाची लेस त्याची त्याला बांधू दे, वेळ लागला तरी. जुन्या आठवणींनी झोप उडत असेल तर काउन्सेलरकडे जा, मुलांवर ते ओझं टाकू नका.