झेब्रा हॉवर्थिया: कुंडीत आणि बागेत

पांढऱ्या उंचवट्यांचे आडवे पट्टे असलेली ही दक्षिण आफ्रिकेतली वनस्पती जेमतेम १०-१५ सेंमी उंच होते. मूळ अधिवासात ती झुडपांच्या आडोशाला वाढते, म्हणून तिला भरपूर उजेड हवा, पण दुपारचं कडक ऊन नको. जास्त उन्हात पानं तांबूस पडतात. उजेड कमी पडला तर ती लांबट, फिकट होऊन पसरतात.

सगळा खेळ मातीचा. साधी बागेची माती एकटी कधीच वापरू नका. एक भाग कुंडीचं तयार मिश्रण (पॉटिंग मिक्स) आणि एक भाग जाडसर वाळू किंवा प्युमिस (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे खडे) घ्या. बारीक वाळू माती घट्ट करते. कुंडी रोपापेक्षा २-३ सेंमीच रुंद, तळाला भोक असलेली. मोठ्या कुंडीत ओल टिकते आणि मुळं कुजतात.

माती पूर्ण सुकल्यावरच भरपूर पाणी द्या. बशीतलं पाणी लगेच ओतून टाका. खालची पानं मऊ, पारदर्शक झाली तर रोप उपटा, कुजलेली मुळं कापा, ३ दिवस सावलीत सुकवून कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका.

जमिनीत लावायचं तर उंचवट्यावर, दगडांच्या फटीत लावा. दव गोठणाऱ्या थंडीत मात्र कुंडीच बरी.

बाजूची पिल्लं स्वतःची मुळं फुटल्यावर वेगळी करा. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसा.