कहाणी एकदाच सांगू द्या: ऑटिस्टिक व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांसाठीची सेवा कशी सुधारायची

माझ्या ऑटिस्टिक (स्वमग्न) लेकाच्या फाईलच्या पहिल्या पानावर एक शेरा होता: ‘सहकार्य करत नाही.’ तेव्हा तो ५ वर्षांचा होता. तपासणीसाठी आम्ही सकाळी ९ वाजता पोचलो आणि आमचा नंबर लागला साडेबाराला. मधले साडेतीन तास लाऊडस्पीकरवरून नंबर पुकारत होते आणि प्रत्येक पुकाऱ्याला तो कानांवर हात दाबून बाकाखाली सरकत होता. आत गेल्यावर त्याने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही, ठोकळ्यांना हातसुद्धा लावला नाही. म्हणून तो शेरा. पुढे कितीतरी वर्षं ती फाईल ज्या टेबलावर गेली, तिथल्या माणसाने आधी शेरा वाचला आणि मग माझ्या मुलाकडे पाहिलं.

तो आता १९ वर्षांचा आहे. गेली ६ वर्षं मी सरकारी सेवांच्या एका सल्लागार समितीत पालक प्रतिनिधी म्हणून बसते. सेवा चालवणारे कर्मचारी आणि सेवेत बदल व्हावा म्हणून धडपडणारे पालक, दोघांसाठी हे लिहितेय. कुटुंबाची माहिती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणं हे सेवेचं काम आहे. बहुतेक ठिकाणी ते आई करते, आणि बाकीच्या अडचणी तिथूनच फुटतात, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मोठ्या सर्वेक्षणाने करू नका. तयार असेल असं एक कुटुंब घ्या, टेबलभर मोठा कागद घ्या आणि त्यांचा प्रवास तारखांसकट मांडा. पहिली शंका कधी आली, पहिला फोन कुणाला केला, उत्तर कधी आलं, निदान कधी झालं, थेरपीचं पहिलं सत्र कधी मिळालं. प्रत्येक टप्प्याखाली लिहा, तिथे काय विचारलं आणि कुठला कागद मागितला. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका आईला ‘पहिला शब्द कधी बोलला?’ हा प्रश्न ९ ठिकाणी विचारला गेल्याचं दिसलं. तिचा मुलगा बोलत नव्हता. दर वेळी तिने तेच उत्तर दिलं होतं, दर वेळी कुणीतरी ते नव्या कागदावर लिहून घेतलं होतं. त्या बैठकीतल्या अधिकारी बाईंनी लाल पेनाने त्या ९ जागांभोवती गोल केले आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.

त्यानंतर एकपानी ओळख तयार करायला घ्या. खरंच एकच पान. ही व्यक्ती आपलं म्हणणं कसं पोचवते: बोलून, चित्रं दाखवून, टॅबलेटवर टाईप करून, हाताला धरून नेऊन? कुठला आवाज, प्रकाश, वास किंवा स्पर्श सहन होत नाही? त्रास वाढायला लागला की सुरुवातीला काय दिसतं? (माझा लेक शर्टाची बटणं मोजायला लागतो. तेव्हा बाहेर नेलं तर सगळं निभावतं.) कशाने बरं वाटतं, कशाने बिघडतं, काय आवडतं. हे पान शक्यतो त्या व्यक्तीबरोबर बसून लिहा. त्यावर तारीख घाला, वर्षातून एकदा बदला. संमती घेऊन ते सेवेकडेच राहू द्या, म्हणजे नवा कर्मचारी भेटीआधी वाचून तयार असेल.

पानावर निकाल लिहू नका, काय पाहिलं ते लिहा आणि ते कुठल्या परिस्थितीत पाहिलं तेही लिहा. माझ्या मुलाच्या फाईलमधला शेरा बदलून घ्यायला मला दोन अर्ज आणि पुष्कळ हेलपाटे लागले. आता तिथे असं आहे: ‘गोंगाटात बोलणं बंद होतं. शांत खोलीत, प्रश्न लिहून दिल्यास उत्तर देतो.’ मुलगा तोच आहे. पण हे वाक्य वाचणारा माणूस आपणहून कागद-पेन पुढे करतो. अतिताणात बोलणं थांबणं अनेक ऑटिस्टिक व्यक्तींच्या बाबतीत घडतं, आणि ऐकलेलं मनात उतरायलाही अनेकांना जास्त वेळ लागतो. प्रश्न विचारल्यावर मनात १० अंक मोजा. मध्येच तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारलात तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रतीक्षागृहात तासभर स्वतः बसून बघा, थोडा वेळ डोळे मिटून. आमच्या समितीने हे केलं तेव्हा लोखंडी खुर्च्या फरशीवर सरकल्याचा आवाज सगळ्यांना पहिल्यांदा ऐकू आला. खुर्च्यांच्या पायांना रबर लावून झालं. नंबर पुकारण्याऐवजी पडद्यावर दाखवा किंवा फोनवर संदेश पाठवा, म्हणजे कुटुंबाला बाहेर मोकळ्या हवेत थांबता येईल. लुकलुकणारी ट्यूब बदला. स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र बंद करून कागदी रुमाल ठेवा. दिवसातली पहिली वेळ या कुटुंबांसाठी राखून ठेवा, कारण ती सहसा लांबत नाही. आणि फाटक, जिना, खोली, भेटणारी व्यक्ती यांचे फोटो चार दिवस आधी पाठवा. पुढे काय होणार हे ठाऊक असलं की निम्मी लढाई तिथेच संपते. आमच्या घरात तर हे रोज दिसतं.

निदानासाठीच्या रांगेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. तज्ज्ञ कमी, रांग लांब, आणि निदानाचा कागद हातात येईपर्यंत मदत शून्य. पालकांना आधीच शिकवायला सुरुवात केली तर ही वर्षं वाया जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी एक कौशल्य प्रशिक्षण तयार केलं आहे. २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी ९ गटसत्रं आणि ३ गृहभेटी, आणि ते घेणारी व्यक्ती तज्ज्ञच असावी लागते असं नाही, प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ताही ते घेऊ शकतो. त्यासाठी निदानाची अट ठेवू नका. मुलाशी खेळायचं कसं, त्याचा इशारा ओळखायचा कसा, हे शिकून कुणाचंही वाईट होत नाही. संवादासाठी चित्रं किंवा टॅबलेटही लगेच सुरू करा. ‘याची सवय लागली तर बोलणारच नाही’ असं मलाही सांगितलं गेलं होतं आणि त्यापायी आम्ही २ वर्षं घालवली. संशोधनातून दिसतं ते वेगळंच: या साधनांमुळे बोलणं अडत नाही, काही मुलांचं तर वाढतं.

आई-बापांना विसावा द्या. वर्षातून एकदा आठवडाभर देण्यापेक्षा दर आठवड्याला ठरलेले ३ तास मला जास्त मोलाचे वाटतात, कारण त्यांच्या भरवशावर माणूस स्वतःची तपासणी करून घेऊ शकतो, दुसऱ्या मुलाच्या शाळेत जाऊ शकतो.

मोठ्यांचं काय? १९४३ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझम म्हणून ज्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. तो अमेरिकेतल्या आपल्या गावातल्या बँकेत नोकरी करत जगला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. गावाने त्याला सांभाळून घेतलं होतं. ऑटिझम आयुष्यभराचा आहे हे तेव्हापासून डोळ्यांसमोर आहे, तरी बहुतेक सेवा १८ व्या वाढदिवसाला हात काढून घेतात. म्हणून पुढची आखणी १४ व्या वर्षीच सुरू करा: पुढचं शिक्षण, काम, राहायची सोय, पैशांचे व्यवहार, आणि मुलांच्या सेवेकडून मोठ्यांच्या सेवेकडे एकपानी ओळख कोण पोचवणार, त्या व्यक्तीचं नाव.

समितीत ऑटिस्टिक व्यक्ती हव्यातच. फक्त पालक पुरेसे नाहीत, हे मी पालक म्हणून सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं चौथं कलम सल्लामसलतीत त्यांचा सहभाग मागतं. बैठकीचे विषय आठवडाभर आधी पाठवा, लेखी उत्तर चालेल असं सांगा, कॅमेरा बंद ठेवू द्या, आणि इतर सल्लागारांना मानधन मिळत असेल तर त्यांनाही द्या. आमच्याकडे एक तरुणी सगळं लिहूनच कळवते. लाऊडस्पीकर बंद करायचा ठराव तिच्या तीन ओळींच्या ईमेलमुळे झाला.

किती शिबिरं घेतली हा आकडा मागू नका. पहिल्या फोनपासून पहिल्या प्रत्यक्ष मदतीपर्यंत किती दिवस गेले, आणि तीच माहिती कुटुंबाने किती वेळा सांगितली, हे दोन आकडे दर तीन महिन्यांनी मागा. पालकांनी मागणी करताना एका पत्रात एकच गोष्ट मागावी: काय घडलं, कुठल्या तारखेला, त्याने मुलाचं काय झालं, आणि नेमकं काय बदलायला हवं. पत्राची पोच घ्या. बैठक संपायच्या आत प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि पुढच्या बैठकीची तारीख लिहून घ्या, आणि तो कागद सर्वांना त्याच संध्याकाळी पाठवा.